उताराची माती आणि वाळूचे कण तपासून खालचा खडक कसा ओळखायचा

मातीचा रंग बघून खालचा खडक सांगायला जाऊ नका. लाल माती ग्रॅनाइटवर होते, बेसाल्टवर होते, चुनखडकावरही होते. शिवाय एकाच बेसाल्टच्या उतारावर माथ्याला लाल असलेली माती पायथ्याला काळी होऊ शकते. रंग ठरतो तो मुख्यतः लोह कोणत्या रूपात आहे आणि सेंद्रिय द्रव्य किती व कसं मिसळलंय यावर, म्हणजे पाऊस, निचरा आणि काळ यांवर. खडकाची खूण टिकते ती वाळूत, २ मिमी ते ०.०५ मिमी या मापाच्या कणांत. मातीतली बरीचशी चिकण खनिजं जागेवर नव्याने तयार झालेली असतात, पण वाळूचा कण हा सहसा मूळ खडकाचाच तुकडा असतो. खाली दिलेली सगळी खटपट, खड्ड्यापासून कण मोजण्यापर्यंत, त्या वाळूपर्यंत पोचण्यासाठी आहे.

फावडं उचलण्याआधी दोन नियम पक्के करून घ्या, कारण पुढचे बहुतेक निष्कर्ष त्यांवरच उभे राहतात.

पहिला नियम स्फटिकांच्या मापाचा. ग्रॅनाइटमधले स्फटिक काही मिलिमीटरचे असतात आणि खडक सुटतो तो त्यांच्या सांध्यांतून, म्हणून ग्रॅनाइटच्या वाळूचा एक कण म्हणजे बहुधा एकच खनिज. बेसाल्टचे स्फटिक बहुतांशी मिलिमीटरहून लहान असतात. त्याचा वाळूएवढा कण हा अनेक खनिजांचा गठ्ठा असतो, आणि तो आणखी फुटला की वाळू उरतच नाही, थेट चिकणमाती होते. वालुकाश्म तयार वाळूच परत देतो. शेल मुळात चिकणमाती आणि बारीक गाळ दाबून झालेला, त्यामुळे त्याच्यातून वाळू निघत नाही, कपच्या निघतात. चुनखडक तर विरघळूनच जातो.

दुसरा नियम टिकाऊपणाचा. भूवैज्ञानिक सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडलेला खनिजं कुजण्याचा क्रम आजही उपयोगी पडतो. ऑलिव्हिन सगळ्यात आधी कुजतं, मग पायरॉक्सीन, हॉर्नब्लेंड, काळा अभ्रक. दुसऱ्या बाजूने कॅल्शियमवालं फेल्डस्पार आधी आणि सोडियमवालं नंतर. त्यानंतर पोटॅशियमवालं फेल्डस्पार, पांढरा अभ्रक आणि सगळ्यांत शेवटी क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. थोडक्यात, मातीत एखादं खनिज दिसलं नाही म्हणून ते खडकात नव्हतंच असं होत नाही. उलट ऑलिव्हिनसारखं लवकर कुजणारं खनिज वाळूत ठळक दिसत असेल तर माती तरुण आहे, हवामान कोरडं आहे किंवा उतार इतका तीव्र आहे की कुजायला सवडच मिळत नाही.

सामान

फावडं, पहार किंवा मातीचं गिरमिट, भूवैज्ञानिकाचा हातोडा आणि फोडताना घालायचा चष्मा. मोजपट्टी आणि उतारमापक (फोनमधलं ॲप चालतं, पण एक मीटर लांबीच्या सरळ पट्टीवर ठेवून मोजा, नाहीतर एखाद्या दगडाचा कोन मोजला जातो). १० पट मोठं दाखवणारं भिंग. २ मिमी, ०.५ मिमी आणि ०.२५ मिमीच्या चाळण्या. लोहचुंबक, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. अर्ध्या ग्रॅमपर्यंत नेमकं दाखवणारा वजनकाटा. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, मातीचे कण एकमेकांपासून सोडवायला. आणि ठिबक बाटलीत १० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड.

बाजारात मिळणारं तीव्र ॲसिड साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग तीन भाग पाण्यात घातला की १० टक्क्यांच्या आसपास येतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच. व्हिनेगरने काम भागतं असं सांगितलं जातं. ते दगडाची भुकटी केल्यावरच थोडंफार खरं आहे, अख्ख्या दगडावर व्हिनेगर बहुतेक वेळा गप्पच राहतं आणि तुमची दिशाभूल करतं.

उतार निवडणं

मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक सांगितले: हवामान, सजीव, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ. तुम्हाला त्यातला खडक तपासायचा आहे, तर बाकीचे चार शक्य तितके सारखे ठेवावे लागतात. दोन खडकांवरच्या मातींची तुलना करायची असेल तर दोन्ही उतार एकाच दिशेला तोंड केलेले, साधारण एकाच तीव्रतेचे आणि सारख्याच झाडोऱ्याचे निवडा. ग्रॅनाइटचा ५ अंशांचा उतार आणि शेलचा २५ अंशांचा उतार शेजारी मांडला तर फरक खडकाचा की उताराचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

पायऱ्या पाडलेले, नांगरलेले, भराव टाकलेले उतार सोडून द्या. रस्त्याच्या कडेपासून निदान ३० मीटर दूर राहा, कारण रस्त्याची खडी वेगळ्याच खाणीतून आलेली असते आणि ती खाली घरंगळते.

माथ्यावर, ओढ्याच्या तळाशी किंवा कापलेल्या कड्यात जागेवरचा कातळ शोधा. जागेवरचा आणि घरंगळत आलेला धोंडा यांत घोटाळा होतो तो इथेच. जागेवरच्या कातळाच्या भेगा आणि थर शेजारच्या कातळाशी एकाच दिशेत जुळतात. सुट्या धोंड्याचे थर वाटेल त्या कोनात असतात. खात्री पटली की दगड फोडून ताजं अंग बघा. बाहेरची तांबूस-करडी साल विदारणाची, म्हणजे ऊनपावसाने खडक कुजण्याची असते, तिच्यावरून खडकाचं नाव ठरवू नका.

खड्डे

माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने सरळ रेषेत चार खड्डे घ्या: माथा, उतार सुरू होतो तो खांदा, मधला उतार आणि पायथा. प्रत्येक खड्डा मुरूम लागेपर्यंत. मुरूम लागलाच नाही तर १ मीटरवर थांबा आणि पुढे गिरमिट लावा. याहून खोल, आधार न दिलेल्या खड्ड्यात उतरू नका. शेल किंवा शिस्टच्या (अभ्रकाने भरलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या खडकाच्या) ओल्या उतारावर तर अजिबात नाही.

खड्ड्याची उताराकडची भिंत सुरीने तासून घ्या आणि थर मोजा. इथे खडक बरंच काही बोलून जातो. ग्रॅनाइटवर मातीतून मुरमात आणि मुरमातून कातळात जाणं हळूहळू होतं, नक्की कुठे माती संपली हे सांगणं अवघड जातं. चुनखडकावर सीमा धारदार असते: वर माती, खाली कोरा कडक दगड, मधे काहीच नाही. बेसाल्टवर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे मातीत रुतलेले दिसतात. शेलवर कपच्या खाली जाताना मोठ्या होत जातात आणि एकाच दिशेला झोपलेल्या असतात. सर्वांत वरच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये कपच्यांची टोकं उताराकडे वळलेली दिसली, तर माती सरकते आहे असं समजा.

प्रत्येक खड्ड्यातून दोन नमुने घ्या, प्रत्येकी अर्धा किलो: एक ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवरचा, दुसरा थेट मुरमाचा. वरची १० सेंटिमीटर माती घेऊ नका. तिच्यात वाऱ्याची धूळ, राख आणि माणसाने आणलेलं काहीही असतं. मुरमाचा नमुना मात्र अजिबात वगळू नका. मुरूम हा खडक आणि माती यांच्यामधला साक्षीदार आहे, आणि मातीतून नाहीसं झालेलं खनिज बहुतेकदा तिथे सापडतं. पिशवीवर खड्डा, खोली आणि उताराचा कोन पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.

जागेवरच मातीचा पोत बघून घ्या. मूठभर माती ओली करून मळा, गोळा करा आणि अंगठा व तर्जनीमधून पट्टी काढा. २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, २.५ ते ५ सेंटिमीटर निघाली तर चिकण पोयटा, त्याहून लांब निघाली तर चिकणमाती. लोहाने भरलेल्या लाल मातीत मात्र ही चाचणी फसवते. लोहाने चिकटलेले मातीचे बारीक गोळे हाताला वाळूसारखे लागतात आणि चिकणमाती पोयटा वाटते. अशी माती निदान पाच मिनिटं मळा. मळता मळता ती चिकट होत गेली तर ती वाळू नव्हती.

मग ॲसिडचा थेंब. तो मातीवर आणि दगडाच्या ताज्या अंगावर वेगवेगळा टाका. जोराने फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचं मुख्य खनिज. दगडावर काहीच झालं नाही, पण ओरखडा काढून निघालेल्या भुकटीवर हळू बुडबुडे आले, तर डोलोमाइट, म्हणजे चुन्यासोबत मॅग्नेशियम असलेलं खनिज. माती फसफसली म्हणजे खाली चुनखडकच आहे असं नाही. कोरड्या हवामानात बेसाल्ट आणि ग्रॅनाइटच्या मातीतही चुन्याचे खडे जमतात, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेलं असतं. म्हणून थेंब खड्यावर नाही, खड्यांच्या मधल्या मातीवर टाका.

वाळू धुणं

माती सावलीत वाळवा, लाकडी लाटण्याने ढेकळं मोडा आणि २ मिमीच्या चाळणीतून काढा. हातोडा वापरू नका, त्याने धोंड्यांचीच वाळू होते. चाळणीवर राहिलेले खडे वेगळ्या पिशवीत ठेवा, ते पुढे लागतात.

चाळलेली ५० ग्रॅम माती घ्या (फारच चिकण असेल तर १००). अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवून त्यात माती रात्रभर भिजत ठेवा. १०० ग्रॅम माती असेल तर सगळं दुप्पट. सकाळी पाच ते दहा मिनिटं जोरात ढवळा. आता उंच भांड्यात पाण्याची उंची बरोबर १० सेंटिमीटर येईल इतकं पाणी घाला, ढवळा, हात थांबवा आणि ४५ सेकंदांनी वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात ०.०५ मिमीचा क्वार्ट्झचा कण १० सेंटिमीटर खाली जायला एवढाच वेळ घेतो. पाणी ३० अंशांचं असेल तर ३६ सेकंद पुरतात, कारण गरम पाणी पातळ असतं. वरचं पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहा. बेसाल्टच्या काळ्या मातीला बऱ्याच फेऱ्या लागतात. पाणी नितळ व्हायचं नावच घेत नसेल तर माती नीट सुटलेली नाही. पुन्हा हेक्झामेटाफॉस्फेटमध्ये भिजवा, नुसत्या पाण्याने रेटत बसू नका.

ओतलेलं पाणी लगेच फेकू नका. अभ्रकाच्या चकत्या पानासारख्या तरंगत हळू खाली येतात आणि गाळाबरोबर निघून जातात. शिस्टच्या मातीत निम्मा पुरावा असा बादलीत गेलेला असतो. बादलीच्या तळाचा गाळ भिंगाखाली बघा आणि चकत्या दिसल्या तर वहीत तशी नोंद करा.

उरलेली वाळू वाळवून वजन करा, वाळूचं प्रमाण मिळालं. मग ती ०.५ आणि ०.२५ मिमीच्या चाळण्यांतून काढा. कण मोजायचे ते ०.५ ते ०.२५ मिमीमधल्या वाटणीतलेच, प्रत्येक नमुन्यासाठी तीच वाटणी. जाड वाळूत खडकाचे तुकडे जास्त असतात आणि बारीक वाळूत एकेकटी खनिजं जास्त. एका नमुन्याची जाड आणि दुसऱ्याची बारीक वाळू तुलनेला घेतली तर फरक मापाचाच निघेल, खडकाचा नाही.

कणांवर लाल लेप असेल तर थोड्या पाण्यात बोटांमध्ये चोळा. तरीही निघाला नाही तर ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट द्रावण लेप काढतं, पण ते चुन्याचे कणही खातं आणि त्यांच्यावर पांढरा थर बसवतं. म्हणून आधी काही कणांवर हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकून चुना नाही याची खात्री करा. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, स्वयंपाकाची भांडी यात आणू नका.

चुंबक आणि भिंग

वजन केलेली वाळू कागदावर पसरा आणि पिशवीतलं चुंबक वरून फिरवा. चिकटलेले कण दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवी चुंबकापासून ओढा, कण आपोआप पडतात. उघडं चुंबक वापरलंत तर ते कण काढता काढता नाकी नऊ येतील. साधं चुंबक मॅग्नेटाइट हे लोहाचं काळं खनिज उचलतं. निओडिमियमचं जोरदार चुंबक इल्मेनाइट, गार्नेट आणि काही काळा अभ्रकही ओढतं, त्यामुळे सगळ्या नमुन्यांना एकच चुंबक आणि एकच अंतर ठेवा. हातोड्याचे आणि फावड्याचे पोलादी कपचेही चिकटतात. ते चपटे, ओरखड्यांचे आणि कडेला गंजलेले दिसतात.

आता मोजणी. जाड कागदावर दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर वाळूचा एकच पातळ थर पसरा. अर्धा कागद काळा, अर्धा पांढरा असेल तर बरं: पांढऱ्यावर काळी खनिजं उठून दिसतात, काळ्यावर क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार. पट्टीवर २ मिमीच्या चौकटी आखा आणि रेषांच्या छेदाखाली येणारा कण मोजा, नजरेत भरणारा नाही. डोळा रंगीत कणांकडे ओढला जातो आणि गार्नेट उगाच दुप्पट होतं. ३०० कण मोजा. ३०० मध्ये एखादं खनिज ३० टक्के निघालं तर खरं प्रमाण साधारण २५ ते ३५ टक्क्यांत असतं. १०० वर थांबलात तर हीच फट २१ ते ३९ इतकी रुंद होते.

क्वार्ट्झ काचेसारखं, सपाट पैलू नसलेलं, फुटलेल्या बाटलीसारखं वळणदार फुटलेलं. फेल्डस्पार दुधाळ किंवा गुलाबी. कागद हळूहळू फिरवला की कुठल्यातरी एका कोनात त्याचा सपाट पैलू एकदम चमकतो आणि विझतो. कुजत चाललेलं फेल्डस्पार खडूसारखं मऊ होतं आणि सुईने टोचलं की चुरतं. काळा अभ्रक कुजताना आधी तपकिरी आणि मग सोनेरी होतो. ओढ्याच्या वाळूत सोनं सापडलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या तळहातावर बहुतेकदा हाच असतो. सुईने दाबा: सोनं दबतं, अभ्रक पापुद्रा होऊन सुटतो. पायरॉक्सीन आखूड, जाडसर, काळपट हिरवं. हॉर्नब्लेंड लांबट आणि काळं. ऑलिव्हिन पिवळट हिरव्या काचेसारखं, पण कडेला तांबूस झालेलं. गार्नेट लालसर आणि गोलसर.

खडकाचे तुकडे वेगळ्या रकान्यात मोजा. बेसाल्टचा कण भिंगाखाली मंद काळपट करडा दिसतो आणि त्यात फेल्डस्पारच्या बारीक पांढऱ्या काड्या आडव्यातिडव्या पडलेल्या असतात. शेलचा कण चपटा, कडा झिजलेल्या, सुईच्या टोकाने पापुद्रा निघतो. लोहाची गोळी याच रकान्यात चुकून येते. पक्कडीने फोडून बघा: आत स्फटिक नाहीत, नुसती तांबडी किंवा पिवळी भुकटी असेल तर ती मातीतच तयार झालेली आहे, खडकाची नाही.

कोणता खडक काय ठेवून जातो

ग्रॅनाइट आणि नाइस (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्ट्यापट्ट्यांचा खडक). वाळूचं प्रमाण मोठं, कण टोकदार, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार मिळून बहुतेक सगळं. ग्रॅनाइट सुटतो त्याचं मोठं कारण काळा अभ्रक आहे. तो पाणी घेऊन फुगतो आणि आजूबाजूचे स्फटिक आतून ढकलून सैल करतो. म्हणून मुरूम हाताने कुस्करता येतो, तरी फेल्डस्पार अजून ताजं असतं. उतारावर अशी माती पाणी पटकन खाली सोडते. माथा आणि खांदा जाडाभरडा आणि कोरडा, पायथा चिकण आणि ओला, हा फरक ग्रॅनाइटवर सर्वांत ठळक असतो. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचं गुणोत्तर मुरूम आणि माती दोन्हींत काढा. समजा मुरमात क्वार्ट्झ ३५ आणि फेल्डस्पार ५० टक्के आहे, म्हणजे ०.७. वरच्या मातीत ५५ आणि २५, म्हणजे २.२. खडक तोच आहे, फेल्डस्पार कुजून केओलिनाइट हे चिकण खनिज झालं. हेच गुणोत्तर मुरमात आणि मातीत जवळपास सारखं निघालं तर विदारण कमी आणि धूप वेगवान आहे. नाइसमध्येही हेच, फक्त पट्ट्यांप्रमाणे दर काही मीटरवर प्रमाण बदलतं, त्यामुळे खड्डे जास्त लागतात.

बेसाल्ट. वाळू थोडी, आणि आहे ती मुख्यतः खडकाच्या तुकड्यांची. चुंबकाला चिकटणारा भाग डोळ्यात भरण्याइतका. क्वार्ट्झचे नितळ, एकेकटे स्फटिककण नसतात. मेणचट, अर्धपारदर्शक, पट्ट्यापट्ट्यांचे सिलिकाचे तुकडे दिसले तर ते बेसाल्टच्या पोकळ्यांतल्या अकीक-कॅल्सेडनीचे, क्वार्ट्झ म्हणून मोजू नका. निचरा चांगला असलेल्या माथ्यावर सिलिका आणि मॅग्नेशियम धुऊन जातं आणि लाल केओलिनाइटची माती उरते. ते सिलिका-मॅग्नेशियम पायथ्याशी साचतं, तिथे स्मेक्टाइट (ओलीने फुगणारं चिकण खनिज) बनतं आणि माती काळी होते, उन्हाळ्यात भेगाळते. मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत उतारावर असा एकापाठोपाठ येणारा मातींचा क्रम पद्धतशीर मांडला.

बेसाल्टच्या मातीत क्वार्ट्झ सापडलं तर आधी त्याचं माप बघा. हवाई बेटांच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नाही, तरी तिथल्या मातीत ते सापडतं, कारण आशियातली धूळ वाऱ्यावर समुद्र ओलांडून येते. पण ते कण काही मायक्रॉनचे असतात, वाळूएवढे नाहीत. ०.२५ मिमीचं क्वार्ट्झ वाऱ्याने महासागर पार करत नाही. ते दिसलं तर जवळपास दुसरा खडक, जुन्या नदीचा गाळ किंवा भराव आहे. त्याच बेटांवर पापाकोलेआचा हिरवा किनारा आहे, जवळजवळ ऑलिव्हिनच्या वाळूचा: लाटा हलके कण नेतात आणि जड ऑलिव्हिन मागे राहतं.

चुनखडक. इथे माती म्हणजे न विरघळलेला उरलेला भाग. चुनखडकात असा भाग ५ टक्के असेल तर १ मीटर खडक विरघळून जेमतेम १० सेंटिमीटर माती होते. म्हणूनच ती पातळ असते, आणि जाड असेल तर शंका घ्यावी: उतारावरून आली, की वाऱ्याने? याचा निकाल लावता येतो. २० ग्रॅम चुनखडक फोडून २०० मिली १० टक्के ॲसिडमध्ये थोडं थोडं करून विरघळवा, फेस थांबला की उरलेला भाग गाळून धुवा आणि वजन करा. त्यातले कण आणि मातीतले कण एकाच भिंगाखाली ठेवा. मातीत क्वार्ट्झची वाळू भरपूर आणि उरलेल्या भागात नावालाही नाही, म्हणजे ती माती या खडकाची नाही. चर्टचे (चुनखडकात सापडणाऱ्या कडक सिलिकाचे) टोकदार, गुळगुळीत तुकडे मात्र चुनखडकाचेच असतात.

वालुकाश्म. क्वार्ट्झ भरभरून, पण कण गोलसर. नदीच्या पाण्यात क्वार्ट्झची वाळू अतिशय हळू गोल होते, वाऱ्यात त्याहून कितीतरी लवकर. तेव्हा तीव्र उतारावर, कातळापासून हातभर अंतरावर गोल कण दिसले तर ते आधीच्या कुठल्यातरी किनाऱ्यावर किंवा वाळवंटात झिजलेले आहेत. काही गोल कणांवर चकचकीत सपाट पैलू उगवलेले दिसतात. खडक होताना त्यांच्यावर नव्या सिलिकाची भर पडलेली असते. कण कशाने चिकटले होते यावर माती ठरते: चुन्याने चिकटलेला वालुकाश्म लवकर सुटतो, सिलिकाने चिकटलेला कडा होऊन उभा राहतो. माती नापीक आणि आम्लधर्मी.

शेल आणि शिस्ट यांबद्दल फार बोलायला नको: शेलवर वाळू नाही, कपच्या आणि चिकट माती, शिस्टवर अभ्रकाने चमकणारी, बोटांना तेलकट लागणारी माती. दोन्हींत थर उताराच्या दिशेने कललेले असतील तर उतार घसरतो, हे लक्षात ठेवा. सर्पेंटिनाइट या हिरवट, मॅग्नेशियमने भरलेल्या खडकाची माती पातळ, मॅग्नेशियम जास्त आणि कॅल्शियम कमी, झाडोरा खुरटा. वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण खूप.

दोन खडकांची सीमा

उतारावर वर एक खडक आणि खाली दुसरा असेल तर सीमा पृष्ठभागावर दिसते तिथे नसते. वरच्या खडकाचा चुरा सीमा ओलांडून खाली पसरतो. क्वार्टझाइटसारखा कडक खडक माथ्यावर असेल तर खालचा शेलचा अख्खा उतार त्याच्या धोंड्यांखाली झाकलेला असू शकतो, आणि नवखा माणूस सगळा डोंगर क्वार्टझाइटचा समजून बसतो. उपाय साधा आहे. पायथ्याकडून वर चढत दर १० मीटरवर गिरमिटाने खोलवरची माती काढा आणि खालच्या खडकाचे तुकडे सगळ्यात वर कुठपर्यंत सापडतात ते बघा. दगड आपणहून वर चढत नाही, त्यामुळे त्या शेवटच्या ठिकाणी किंवा त्याच्या जरा वर खरी सीमा असते. वरच्या खडकाचे तुकडे कुठे संपतात यावर कधीही विसंबू नका. २ मिमीच्या चाळणीवर राहिलेले, बाजूला ठेवलेले खडे इथे कामी येतात: ५० खडे फोडून खडकवार मोजले तर खड्ड्याखड्ड्यातला बदल लगेच कळतो.

शेवटी पायथ्याच्या ओढ्यातली मूठभर वाळूही घ्या आणि तशीच मोजा. ती सगळ्या पाणलोटाचा एकत्र नमुना असते, पण समान वाटणीचा नाही. ग्रॅनाइट भरपूर वाळू देतो, बेसाल्ट गोटे आणि चिकणमाती देतो, चुनखडक बहुतांशी पाण्यात विरघळून जातो. पाणलोटाचा थोडासाच भाग ग्रॅनाइटचा असला तरी ओढ्याची वाळू ग्रॅनाइटचीच वाटू शकते. म्हणून ओढ्याच्या वाळूवरून वर कोणकोणते खडक आहेत ते सांगा, किती आहेत ते सांगू नका. ते चार खड्ड्यांच्या आकड्यांवरून आणि सीमेच्या मोजणीवरूनच काढा.